पित्त, प्रतिजैविक आणि अनुपान

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात व्हाइटफील्ड, बंगळूरु येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)

मान्यवर माजी विद्यार्थी, पालकवर्ग आणि पुढच्या रांगेत आवर्जून बसवलेले आजी-आजोबा,

हीरकमहोत्सवातील भाषण म्हटले की शाळेच्या इतिहासाची उजळणी अपेक्षित असते. ती आजच्या इतर वक्त्यांनी उत्तम केली आहे. येथे जो विषय मांडावयाचा आहे तो या पुढच्या रांगेकडे पाहूनच निवडलेला आहे. विषय घरगुती आहे आणि तरीही घराघरांत दुर्लक्षित आहे : डॉक्टरांनी प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, दिले असता त्याच्या जोडीने पित्ताचे औषध कसे, केव्हा आणि कोणते घ्यावे?

व्हाइटफील्ड ही मुळातच बाहेरून आलेल्यांची वस्ती. १८८२ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी ती वसवली गेली आणि त्या कामात पुढाकार घेणाऱ्या व्हाइट नावाच्या गृहस्थांचे नाव तिला मिळाले. शंभर वर्षे निवांत राहिलेल्या या गावाचा कायापालट १९९० च्या दशकात संगणकक्षेत्राने केला, आणि त्याच ओघात साताऱ्याची, सांगलीची, नाशिकची, लातूरची मुले येथे स्थिरावली. त्यांच्यामागून वर्षातून चार-सहा महिने त्यांचे आईवडील येऊ लागले. येताना त्यांच्याबरोबर दोन गोष्टी हमखास येतात. एक लाडूंचा डबा आणि दुसरी औषधांची पिशवी.

त्या पिशवीत रक्तदाबाची गोळी असते, मधुमेहाची असते, हाडांसाठी कॅल्शियम असते, कुणाकडे लोहाची गोळी, कुणाकडे रक्त पातळ ठेवणारी. आणि बहुतेक सगळ्यांकडे पित्ताची एक गोळी असते, जी कुणी, कधी आणि कशासाठी सुरू केली हे आता घरात कुणालाच आठवत नाही. मग येथे पाणी बदलते. २०२४ च्या उन्हाळ्यात या भागाने टँकरच्या पाण्यावर दिवस काढले, तेव्हा पाण्याचे मोल वेगळे सांगावयास नको. पोट बिघडते, किंवा धूळ आणि बदलत्या हवेने खोकला धरतो. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून नवी चिठ्ठी येते. गावाकडची पिशवी आणि येथली चिठ्ठी यांची गाठ मात्र पडत नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्याने पिशवी पाहिलेली नसते आणि पिशवी बाळगणाऱ्याला चिठ्ठी वाचता येत नाही. धोका आहे तो या फटीत.

ही फट भाषेनेही रुंदावते. मराठीत ‘पित्त’ हा शब्द फार कामाचा आणि म्हणूनच फसवा आहे. ‘पित्त झाले आहे’ म्हणजे छातीत जळजळ, घशाशी आंबट येणे, डोके चढणे. ‘पित्त उठले आहे’ म्हणजे अंगावर खाजऱ्या गांधी उठणे. क्रियापद बदलले की आजार बदलतो. घरात बोलताना कुणाचा घोटाळा होत नाही. पण आजी मराठीत सांगते, नातू किंवा मुलगा ते दवाखान्यात इंग्रजीत अथवा मोडक्या कन्नडमध्ये पोहोचवतो, आणि तेथे दोन्ही पित्तांचे भाषांतर एकाच शब्दात होते : अ‍ॅसिडिटी. डॉक्टर बिचारे आम्ल कमी करणारे औषध वाढवून देतात.

आता विचार करा की आजींना दोन दिवसांपूर्वी पेनिसिलिनच्या कुळातले एखादे औषध, समजा अमॉक्सिसिलिन, सुरू झाले आहे आणि त्या म्हणत आहेत, “पित्त उठलंय.” अंगावरच्या गांधी ही त्या औषधाची अ‍ॅलर्जी असू शकते. तेथे पित्ताची गोळी वाढवण्याचा उपयोग नाही. पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना विचारले पाहिजे. आणि ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, घेरी आली, तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठले पाहिजे. मराठी शाळेत शिकलेल्या मुलांनी आपल्या भाषेतला हा बारकावा परक्या भाषेत नेताना सांडू देऊ नये. ‘गांधी’, ‘जळजळ’, ‘मळमळ’, ‘पोटात गुबारा’ ही चार निरनिराळी दुखणी आहेत. डॉक्टरांना ती निरनिराळीच सांगावीत. शब्द सापडला नाही तर दंडावरची गांध दाखवावी. ती सर्व भाषांत वाचता येते.

जुन्या पिढीला औषधाबरोबर ‘अनुपान’ विचारण्याची सवय होती. वैद्याने पुडी दिली की पहिला प्रश्न : कशाबरोबर घ्यायची? मधातून, तुपातून, की कोमट पाण्यातून? औषध जितके महत्त्वाचे तितकेच ते कशाच्या संगतीने पोटात जाते तेही महत्त्वाचे, ही समज त्या प्रश्नात होती. पाकीटबंद गोळ्या आल्या आणि तो प्रश्न मागे पडला. आधुनिक औषधशास्त्राने मात्र तो कधीच सोडलेला नाही, किंबहुना प्रतिजैविकांच्या बाबतीत तो पहिल्या दिवसापासून उभा आहे.

पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. ते पेनिसिलिन सुईने टोचावे लागे. कारण सोपे आहे. त्या मूळ प्रकारच्या पेनिसिलिनला जठरातले आम्ल सोसत नाही, तोंडावाटे दिलेल्या औषधाचा बराचसा भाग रक्तात पोहोचण्याआधीच नष्ट होतो. म्हणून सुरुवातीच्या काळात पेनिसिलिनच्या काही गोळ्यांमध्ये आम्ल शमवणारा क्षार मुद्दाम मिसळला जात असे. म्हणजे प्रतिजैविक आणि आम्लशामक यांची पहिली भेट मैत्रीची होती. पुढे आम्लात टिकणारी पेनिसिलिने निघाली आणि ती गरज संपली.

दुसरी भेट मात्र वैराची ठरली. भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत ज्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते, तेथे बेंजामिन डगर यांनी ऑरिओमायसिन शोधले. टेट्रासायक्लिनच्या कुळातले हे पहिले औषध १९४८ मध्ये जगापुढे आले. औषध गुणकारी, पण रोग्यांना मळमळे फार. तेव्हा डॉक्टरांनी त्यासोबत अ‍ॅल्युमिनियमयुक्त पांढरे आम्लशामक द्यावयास आरंभ केला. मळमळ शमवण्याचा हेतू चांगलाच होता. १९५० मध्ये रक्त तपासून पाहिले तेव्हा उमगले की त्या पांढऱ्या औषधामुळे ऑरिओमायसिन रक्तात पुरेसे उतरतच नाही. धातूचे कण औषधाला आतड्यातच घट्ट धरून ठेवतात आणि ती जोडी शरीराबाहेर निघून जाते. आज सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनीही घरोघर याच प्रसंगाची आवृत्ती निघते, फक्त गोळ्यांची नावे नवी असतात.

येथे एक गोष्ट नीट वेगळी केली पाहिजे. ‘पित्ताची गोळी’ ही एक वस्तू नव्हे. त्यात तीन जाती आहेत. पहिली जात म्हणजे जठरात आधीच असलेले आम्ल मारणारी : चघळण्याच्या गोळ्या आणि गुलाबी किंवा पांढरे पातळ औषध. यात बहुधा अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा कॅल्शियमचे क्षार असतात. दुसरी जात फॅमोटिडीन, रॅनिटिडीन यांची, जी आम्ल तयार होण्याचा एक निरोप अडवते. तिसरी आणि आज सर्वांत अधिक खपणारी जात म्हणजे पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल इत्यादी. ही औषधे आम्लाचा पंपच बंद करतात. गंमत अशी की ती स्वतः आम्लात टिकत नाहीत, म्हणून त्यांच्यावर खास वेष्टन असते. गोळी कुटून किंवा चावून दिली तर ते वेष्टन मोडते. आजोबांना गोळी गिळवत नाही म्हणून ती वाटीत कुटून देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पहिल्या जातीचे भांडण मुख्यतः दोन कुळांशी आहे. एक टेट्रासायक्लिन आणि डॉक्सिसायक्लिन, दुसरे सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन. पोट बिघडले, लघवीचा संसर्ग झाला की या दुसऱ्या कुळातली गोळी चिठ्ठीवर येण्याचा संभव मोठा, आणि नेमके त्याच वेळी घरातली पांढऱ्या औषधाची बाटलीही बाहेर निघते. सिप्रोफ्लॉक्सासिन अशा औषधाच्या निदान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे असा निर्देश आहे. गणित मांडून पाहू. सिप्रोची गोळी सकाळी आठला आणि रात्री आठला असेल, तर आम्लशामकासाठी मोकळी वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन एवढीच. रात्रीच्या गोळीनंतर पुन्हा दहापासून. लेव्होफ्लॉक्सासिनला आधी आणि नंतर दोन-दोन तासांचे अंतर पुरते.

हाच नियम कॅल्शियम, लोह आणि जस्त असलेल्या गोळ्यांना लागू पडतो, आणि येथे अनेक सुशिक्षित घरेही फसतात. पित्ताचे पातळ औषध टाळले जाते, पण ‘शक्तीची गोळी’ प्रतिजैविकाच्याच घोटाबरोबर जाते. तिच्यात जस्त किंवा लोह असेल तर परिणाम तोच. जुलाबात मुलांना जस्त दिले जाते, ते योग्यच आहे, फक्त त्याच वेळी या कुळातले औषध चालू असेल तर वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. सुक्राल्फेट नावाचे जठराला लेप देणारे पातळ औषध हल्ली बरेच दिले जाते. त्यातही अ‍ॅल्युमिनियम आहे. आणि दूध! ‘औषध गरम पडेल, दुधाबरोबर घे,’ हा मायेचा सल्ला या दोन कुळांच्या बाबतीत चुकीचा आहे. सिप्रोची गोळी पेलाभर दुधाबरोबर किंवा वाटीभर दह्याबरोबर घेऊ नये, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. डॉक्सिसायक्लिनला तर भरपूर पाणी लागते आणि गोळी घेऊन लगेच आडवे होणे टाळावे लागते. ती अन्ननलिकेत अडकली तर तेथे जखम करते. मग छातीत दुखते आणि घरचे म्हणतात, पित्त वाढले.

क्षयरोगाच्या उपचारात या गोष्टीचे वजन फार वाढते. रिफाम्पिसिन हे त्या उपचाराचे मुख्य औषध आम्लशामकाच्या निदान एक तास आधी, तेही रिकाम्या पोटी घ्यावयाचे असते. अ‍ॅल्युमिनियमचा क्षार आयसोनियाझिडलाही अडवतो. औषध रोज नेमाने घेतले, तरी ते रक्तात अपुरे उतरले तर जंतू मरत नाहीत, आणि अर्धवट औषधाला सरावलेल्या जंतूंपुढे पुढची औषधेही दुबळी पडतात. सहा महिने गोळ्या गिळणाऱ्या रोग्याला जळजळ होणे स्वाभाविक आहे. त्याने दुकानातून परस्पर बाटली आणू नये. उपचारकेंद्रात सांगितले तर तेथे वेळा बसवून मिळतात.

भांडणाचा आणखी एक प्रकार आहे आणि तो पँटोप्राझोलच्या जातीशी संबंधित आहे. काही औषधांना विरघळण्यासाठी आम्ल हवे असते. सेफुरॉक्झिम आणि सेफपोडोक्झिम ही घसा, कान, छाती यांच्या संसर्गात दिली जाणारी प्रतिजैविके त्यांतली. आम्ल कमी करणारे औषध जोडीला असले तर सेफपोडोक्झिमचे शोषण साधारण एक तृतीयांशाने घटते. येथे तासांचे अंतर राखूनही फारसे साधत नाही, कारण पँटोप्राझोलचा परिणाम दिवसभर टिकतो. या गोळ्या जेवणाबरोबर घेतल्या की अधिक चांगल्या शोषल्या जातात, आणि पित्ताची गोळी त्या पाच-सात दिवसांपुरती थांबवता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे लागते. बुरशीवरचे इट्राकोनॅझोल हे प्रतिजैविक नव्हे, पण त्याच्या कॅप्सूललाही आम्लाची अशीच गरज असते. दक्षिणेच्या दमट हवेत नायट्यासाठी ते महिना महिना घेणारे कमी नाहीत. रोज सकाळी पित्ताची गोळी आणि मग इट्राकोनॅझोल घ्यायचे, आणि नायटा हटत नाही म्हणून डॉक्टर बदलायचे, असे चक्र त्यातून सुरू होते.

उलट अमॉक्सिसिलिनचे पित्ताच्या कोणत्याही गोळीशी म्हणण्यासारखे भांडण नाही. सेफिक्झिमचेही नाही. अझिथ्रोमायसिन पहिल्या जातीच्या आम्लशामकापासून थोडे लांब ठेवले की पुरे. मग प्रश्न उरतो तो असा : भारतात जवळजवळ प्रत्येक प्रतिजैविकाबरोबर ‘पोटाची गोळी’ का लिहिली जाते? रूढीने, असेच उत्तर द्यावे लागते. प्रतिजैविकामुळे मळमळ होते, जुलाब होतात, पण त्याचे कारण बहुधा वाढलेले आम्ल नसतेच. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट जेवणाच्या आरंभी, दोन घास खाऊन घेतले तर पोट बरेचसे शांत राहते. चिठ्ठीवर पोटाची गोळी नसेल तर रुग्णच ती मागून घेतो आणि दुकानदारही हौसेने देतो, हेही येथे नोंदवले पाहिजे. दोष एकट्या डॉक्टरांचा नाही.

आम्ल हे शरीराचे पहारेकरीही आहे. अन्नपाण्यातून शिरणारे पुष्कळसे जंतू, पटकीचे जंतूसुद्धा, त्यात मरतात. पहारा ढिला केला आणि त्याच वेळी प्रतिजैविकाने आतड्यातले उपकारक जंतूही मारले, तर एका विशिष्ट जंतूला मोकळे रान मिळते. त्याचे नाव क्लॉस्ट्रिडियॉइडिस डिफिसिल. वृद्धांना, विशेषतः नुकतेच रुग्णालयातून परतलेल्यांना, त्याचा उपद्रव अधिक. म्हणून प्रतिजैविक चालू असता किंवा ते संपल्यावर काही आठवड्यांतही दिवसातून अनेकदा पाण्यासारखे जुलाब झाले, ताप आला, शौचातून रक्त पडले, तर जुलाब थांबवणारी गोळी परस्पर देऊ नये. आधी डॉक्टर गाठावे आणि कोणते प्रतिजैविक घेतले होते ते सांगावे.

आता जेथे ही दोन औषधे खरोखर खांद्याला खांदा लावून लढतात त्या प्रसंगाविषयी. जठरातील व्रण काळजीने आणि तिखटाने होतो, असा समज पिढ्यान्‌पिढ्या होता. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी दाखवून दिले की बहुतेक व्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. जग मानेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचा पेला स्वतःच पिऊन जठरदाह ओढवून घेतला. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या जंतूवर दोन प्रतिजैविके आणि ओमेप्राझोलच्या जातीचे औषध एकत्रच दिले जातात. येथे पित्ताची गोळी सोबतीला दिलेली नसते, ती उपचाराचा गाभा असते. आम्ल कमी झाले की क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक जठरात टिकते, आणि सुस्त पडलेले जंतू वाढू लागून अमॉक्सिसिलिनच्या माऱ्यात सापडतात. हा उपचार बहुधा चौदा दिवसांचा असतो. चौथ्या दिवशी जळजळ थांबली म्हणून ‘एवढ्या गोळ्या कशाला?’ असे म्हणत त्यांतली एखादी वगळली, तर जंतू शिल्लक राहतो आणि पुढच्या वेळी अधिक चिवट होऊन भेटतो. क्लॅरिथ्रोमायसिन चालू असता कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या थांबवाव्या लागतात, हृदयरोग्यांनी ते आधीच विचारावे. जंतू गेला की नाही याची तपासणी करताना पित्ताची गोळी निदान दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद असावी लागतात. नाहीतर जंतू असूनही नाही असा खोटा निकाल येतो.

प्रतिजैविकांच्या पाकिटावर एक उभी तांबडी रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये असा तिचा अर्थ, आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिच्याविषयी मोहीमही काढली. तरी मागच्या वेळच्या उरलेल्या चार गोळ्या गावाहून पिशवीत येतातच. त्या तशाच राहू द्याव्यात आणि दवाखान्यात जाताना आख्खी पिशवी बरोबर न्यावी. गोळ्यांची नावे सांगता आली नाहीत तरी पिशवी टेबलावर उपडी करता येते. यात लाजण्यासारखे काही नाही. डॉक्टरांना पाच प्रश्न विचारण्यापेक्षा हे दृश्य अधिक उपयोगी पडते. आणि चिठ्ठी हातात पडल्यावर एकच विचारावे, जे आजींच्या आजी वैद्याला विचारीत : हे कशाबरोबर घ्यायचे आणि कशापासून लांब ठेवायचे? मिळालेले उत्तर घरी येऊन मराठीत, मोठ्या अक्षरांत, वेळांसह कागदावर लिहावे आणि तो कागद स्वयंपाकघरात लावावा. शाळेने सुवाच्य अक्षराचा जो हट्ट धरला होता, त्याचा एवढा उपयोग व्हावयास हरकत नाही.

शेवटची बाब पित्ताची गोळी थांबवण्याविषयी. प्रतिजैविक पाच दिवसांत संपते, सोबतची गोळी मात्र महिनोन्‌महिने चालू राहते, कारण ती कधी थांबवायची हे कुणी सांगितलेले नसते आणि कुणी विचारलेलेही नसते. बराच काळ घेतल्यानंतर ती एकाएकी सोडली की आम्ल काही दिवस नेहमीपेक्षा जास्त उसळते, आणि गोळीवाचून चालतच नाही अशी समजूत होते. ज्यांना रक्त पातळ ठेवणाऱ्या किंवा सांधेदुखीच्या औषधांमुळे जठरातून रक्तस्रावाचा धोका आहे, त्यांनी ती सोडूच नये, त्यांच्यासाठी ती संरक्षण आहे. इतरांनी येत्या भेटीत पिशवीतली ती गोळी डॉक्टरांसमोर ठेवावी आणि ती कशासाठी आहे, अजून किती दिवस घ्यायची आणि हळूहळू कशी कमी करायची, हे विचारून घ्यावे.